विसार देण्याआधी विहीर बघा

गणपतीपुळे मागे टाकून जयगडच्या वाटेला लागलं की फलक सुरू होतात. समुद्रदर्शन, बिनशेती, स्वच्छ सातबारा, सुलभ हप्ते. मे महिन्यात त्यांना ऊत येतो, कारण मुंबई-पुण्याची मंडळी सुट्टीला आलेली असतात आणि जागा बघायला सवड असते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कोकणात परतावंसं वाटणाऱ्या माणसाचा मला आनंदच वाटतो. पण या आठवड्यात जयगडच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, एका ठिकाणी जे पाहिलं, त्याने डोकं फिरलं.

उताराची जमीन जेसीबीने सपाट करून तिचे तुकडे पाडले होते. चुन्याच्या रेघा, कोपऱ्याकोपऱ्यात सिमेंटचे खांब. तिथे चिऱ्याने बांधलेली एक जुनी विहीर होती. गेल्या उन्हाळ्यात मी तिच्यात वाकून पाहिलं होतं. विहीर दिसली की मी थांबतोच. आता तिच्या जागी लाल मातीचा थर चोपून बसवलेला. जागा दाखवायला ठेवलेला मुलगा म्हणाला, "काका, विहिरीपायी एक प्लॉट फुकट जात होता. आणि खाली सगळा कातळच आहे की. पाया खणायचंसुद्धा काम नाही."

मुलाचा दोष नाही, त्याला जे पढवलं ते तो बोलला. पण हे वाक्य ऐकून लोक आयुष्याची पुंजी मोडतात, म्हणून सांगतो. सड्यावर दिसतो तो जांभा. त्याचा थर कुठे हातभर असतो, कुठे कित्येक परस. त्याखाली बहुतेक ठिकाणी शेडी लागते, म्हणजे मूळ खडक कुजून झालेली मऊ, पांढुरकी-जांभळट चिकणमाती. काळवत्रीचा खरा पाषाण तिच्याही खाली. जांभा सच्छिद्र, त्यामुळे पावसाचं पाणी त्यातून सरळ उतरतं, शेडीवर अडतं आणि उताराच्या दिशेने वाट काढतं. भिजलेल्या शेडीत बळ उरत नाही. अशाच मऊ, पाणथळ मातीने गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात कोकण रेल्वेला जेरीस आणलं होतं. पूर्ण मार्ग जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाला, तरी ऑगस्ट २०२० मध्ये त्या बोगद्याची भिंत ढासळली आणि जुलै २०२४ मध्ये आत पाणी-चिखल शिरून गाड्या थांबल्या. मोठमोठ्या यंत्रणांची जिथे ही गत, तिथे आपल्या दोन खोल्या आणि पडवीची काय कथा!

आणि हे सगळं त्या विहिरीत उघड्या डोळ्यांना दिसत होतं. वरचे काही थर बांधीव चिऱ्याचे. त्याखाली बांधकाम संपून मूळ जांभा सुरू होत होता, भोकाभोकांचा, पार कोरडा. मग एका ठरावीक पातळीवर चहूबाजूंनी ओलीची रेघ, तिच्यावर शेवाळ आणि नेचे. ऐन मे महिन्यात तिथून पाणी पाझरत होतं. रेघेच्या खाली भिंत आत खात गेलेली, कारण शेडी दर पावसाळ्यात थोडी थोडी धुपून जाते आणि वरचा जांभा अधांतरी पुढे राहतो. शेडी किती खोलावर आहे, पाणी कुठल्या अंगाने येतं, वरचा थर किती भरवशाचा आहे, हे सारं त्या जागेने स्वतःच लिहून ठेवलं होतं. ते कुणीतरी एका दुपारी बुजवून टाकलं.

समुद्राच्या अंगानेही हीच गोष्ट दिसते. कड्याच्या माथ्यावर जांभ्याचं टोपण, खालची माती निघून गेली की त्याचे घराएवढे तुकडे सुटून किनाऱ्यावर येऊन पडतात. समुद्रदर्शनाचा प्लॉट नेमका त्या टोपणाच्या काठावर असतो. म्हणून सांगतो, काठावरून समुद्र बघून झाला की खाली किनाऱ्यावर उतरा आणि तिथून वर बघा. माथ्यावर भेगा आहेत का, ताजे तुटलेले दगड पडलेत का, ते कळेल.

याहून फसवा प्रकार म्हणजे भराव. उतार सपाट करताना वरच्या अंगाला कापतात आणि तीच माती खालच्या अंगाला ढकलतात. वरून दोन्ही सारखंच लाल दिसतं. घर बांधलं की अर्धं कातळावर आणि अर्धं भरावावर बसतं. पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत भराव दबतो, कातळ जागचा हलत नाही आणि भिंतीला तिरकी चीर जाते. बुजवलेल्या विहिरीवर घर आलं तर विचारूच नका.

जयगडला बंदर २००९ साली सुरू झालं, पाठोपाठ १२०० मेगावॅटचा वीज प्रकल्प आला आणि जमिनीला भाव आला. भाव आला की मोजणी चौरस फुटात होते, आणि विहीर म्हणजे नुकसान ठरतं. खरं तर सड्यावर पाणी असलेली विहीर ही अख्ख्या जमिनीतली सगळ्यात मोलाची वस्तू. जांभ्यातून पाणी उतरतं तसं सांडपाणीही उतरतं. दहा प्लॉटचे दहा शोषखड्डे झाले की खालच्या वाडीच्या विहिरीला काय पोचणार, याचा हिशेब एकाही फलकावर मी वाचलेला नाही. त्या वाडीतली माणसं पिढ्यानपिढ्या तेच पाणी पितात. त्यांना कुणी विचारलंही नसेल.

तपासणी अवघड नाही. वकिलाला सातबारा आणि फेरफार दाखवता, तसं विसार देण्याआधी मालकाच्या परवानगीने जागेच्या दोन-तीन कोपऱ्यांत खड्डे घ्या. भारतीय मानकाप्रमाणे पायाच्या तळापासून खाली, पायाच्या रुंदीच्या किमान दीडपट खोलीपर्यंत काय आहे ते कळायला हवं. शेडी लागली तर जागा सोडायलाच हवी असं नाही. पण मग पाया कसा घालायचा ते अभियंत्याला ठरवू द्या, दलालाला नव्हे. शेजारच्या चिरेखाणीवर जाऊन कामगाराला विचारा, जांभ्याचा चिरा किती खोलपर्यंत मिळतो. तो अचूक सांगेल. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय जिल्ह्यात आहे, तिथेही चौकशी करा. जागा एकदा मेमध्ये आणि एकदा भर आषाढात बघा. घाई करणारा विक्रेता आषाढापर्यंत थांबायला तयार नसेल, तर कारण ओळखा.

आणि जमिनीत विहीर असेल तर आधी तिच्यात डोकावा. घेतल्यावर ती बुजवू नका; कठडा बांधा, उपसा, वापरा. विकणाऱ्याने ती आधीच बुजवली असेल तर जुन्या नकाशात आणि शेजाऱ्यांकडून तिची जागा शोधून काढा, आणि ती सापडेपर्यंत विसाराचा एक रुपयाही देऊ नका.