अनुशेष रुपयांचा आणि अनुशेष पाण्याचा

भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात वैनगंगा नदीवर गोसीखुर्द धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते बसविण्यात आली. १९८३ साली प्रकल्पास प्रशासकीय मान्यता मिळाली तेव्हा त्याचा अंदाजित खर्च ३७२ कोटी रुपये होता. २०१६ सालच्या सुधारित मान्यतेत तो १८,४९४ कोटींवर गेला, म्हणजे जवळजवळ पन्नासपट झाला. भंडारा, नागपूर व चंद्रपूर या तीन जिल्ह्यांतील अडीच लाख हेक्टर जमीन या धरणाने भिजावयाची होती. कोनशिलेला तीस वर्षे झाली तेव्हा या उद्दिष्टाचा निम्मा टप्पाही गाठला गेला नव्हता. दरम्यान धरणाची भिंत पुरी झाली, जलाशय भरू लागला, गावे उठली. डाव्या कालव्याच्या सुरुवातीच्या भागातील अस्तरीकरण निकृष्ट ठरल्याने ते उखडून पुन्हा करावे लागले. आणि ज्या जलाशयातून शेतीस व गावांस पाणी द्यावयाचे, त्यात नाग व कन्हान नद्यांवाटे नागपूर शहराचे सांडपाणी येऊन मिळत राहिले.

या कहाणीचा उल्लेख झाला की भ्रष्टाचार हा एकच शब्द उच्चारून चर्चा थांबविण्याची सवय सर्व पक्षांना लागली आहे. भ्रष्टाचार झाला नाही असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु उद्या सर्व कंत्राटदार सचोटीचे आणि सर्व अभियंते निःस्पृह निघाले, तरीही ज्या पद्धतीने महाराष्ट्रात सार्वजनिक पैशातून प्रादेशिक विकासाचे प्रकल्प हाती घेतले जातात, त्या पद्धतीत ते रखडणारच. दोष प्रकल्पांच्या मोजमापात आहे आणि तो फार जुना आहे.

१९५३ च्या नागपूर कराराने विदर्भ व मराठवाड्यास न्याय्य वाट्याचे आश्वासन मिळाले. १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीने घटनेच्या ३७१ व्या कलमात विकास मंडळांची तरतूद झाली. ती मंडळे प्रत्यक्षात येण्यास १९९४ साल उजाडले, यावरून राज्यकर्त्यांच्या आस्थेची कल्पना यावी. मधल्या काळात, १९८३ साली, प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमण्यात आली व तिने १९८४ साली आपला अहवाल दिला. समितीची रीत सोपी होती. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, वीज अशा प्रत्येक बाबतीत राज्याची सरासरी काढावयाची, जो जिल्हा त्या सरासरीच्या खाली असेल त्याला सरासरीपर्यंत आणण्यास किती खर्च येईल ते मांडावयाचे आणि त्या रकमेस अनुशेष म्हणावयाचे. असा अनुशेष ३,१८६ कोटींचा निघाला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा २३ टक्क्यांहून थोडा अधिक आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७ टक्के होता. हा शेवटचा आकडा विदर्भ-मराठवाड्यातील वक्ते सांगत नाहीत. पश्चिम महाराष्ट्रातील पुढारी तो सांगतात, परंतु कोकणातील आणि अवर्षणग्रस्त तालुक्यांतील दारिद्र्य आपल्या साखरपट्ट्याच्या खाती जमा करण्यासाठी.

दांडेकर समितीचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. मागासलेपणाची तक्रार तिने प्रथमच अंकांच्या भाषेत मांडली. तथापि अनुशेष रुपयांत मांडल्याबरोबर तो दूर करणे म्हणजे रुपये खर्च करणे, असा अर्थ राज्यकारभारात रूढ झाला. १९९४ च्या स्थितीवर आधारलेल्या नव्या मोजणीत तो १४,००७ कोटींच्या घरात गेला. राज्यपालांच्या निर्देशांनुसार निधी वाटला जाऊ लागला आणि काही वर्षांनी सिंचनाचा आर्थिक अनुशेष भरून निघाल्याची नोंद सरकारदप्तरी झाली. त्याच दप्तरात अमरावती विभागातील जिल्ह्यांचा भौतिक अनुशेष मात्र कायम असल्याचेही लिहिलेले होते. पैसा पोचला होता, पाणी पोचले नव्हते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, याचे आश्चर्य मंत्रालयात कोणाला वाटल्याचे दिसले नाही.

पैसा खर्च होऊनही काम पुरे का होत नाही, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. समजा, राज्यात प्रत्येकी शंभर कोटींचे शंभर प्रकल्प आहेत आणि वर्षाला पाचशे कोटी उपलब्ध आहेत. सर्वांना सारखे वाटले तर प्रत्येकास वर्षाला पाच कोटी मिळतील आणि वीस वर्षेपर्यंत एकही शेत भिजणार नाही. उलट एका वेळी वीसच प्रकल्प घेतले, तर प्रत्येकास वर्षाला पंचवीस कोटी मिळून चौथ्या वर्षाअखेर वीस प्रकल्पांचे पाणी वाहू लागेल, आठव्या वर्षाअखेर चाळीसांचे. खर्च तितकाच, आणि दरवाढ जमेस धरली तर कमीच. हे गणित प्रत्येक मंत्र्याला येते. तरीही पहिला मार्ग पत्करला जातो, कारण पहिल्या मार्गात शंभर भूमिपूजने आहेत. दुसऱ्या मार्गात ऐंशी आमदारांना मतदारसंघात जाऊन थांबा असे सांगावे लागते. शिवाय अर्धवट काम दरवर्षी नव्या दरसूचीने वाढते व सुधारित मान्यतेस पात्र ठरते. पुऱ्या झालेल्या कामावर कोणाचेच पोट चालत नाही, शेतकऱ्याखेरीज.

१९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. पुढच्या दोन वर्षांत विदर्भ, तापी, कोकण व गोदावरी मराठवाडा या खोऱ्यांचीही महामंडळे आली. कर्जरोख्यांतून पैसा उभारून कामे वेगाने पुरी करावयाची, हा उद्देश सांगण्यात आला. वेग आला तो निविदांना. अर्थसंकल्पाच्या चर्चेत विधिमंडळाला जे प्रश्न विचारता येत होते, तेही या व्यवस्थेत विरळ झाले. २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणीने एकूण पीकक्षेत्राशी सिंचित क्षेत्राचे प्रमाण २०००-०१ मधील १७.८ टक्क्यांवरून २००९-१० मध्ये अवघे १७.९ टक्के झाल्याचे दाखविले, तेव्हा गदारोळ उठला. नोव्हेंबर २०१२ मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढून सिंचनक्षमता पुष्कळ वाढल्याचे प्रतिपादन केले. क्षमता म्हणजे कालव्याच्या कागदावरील शक्ती. सिंचन म्हणजे पिकाच्या मुळाशी गेलेले पाणी. सरकार पहिलीविषयी बोलत होते आणि लोक दुसऱ्याविषयी विचारीत होते. त्यानंतर अनेक वर्षे आर्थिक पाहणीच्या त्या रकान्यात आकडा उपलब्ध नसल्याचा शेरा येत राहिला. आरसा काढून टाकण्याचा हा उपाय नामी म्हटला पाहिजे.

वास्तविक याच महाराष्ट्रात मोजण्याची दुसरी रीत फार पूर्वी घालून दिली गेली होती. गोखले अर्थशास्त्र संस्थेत प्रा. धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांचा अभ्यास केला व तो १९४८ साली प्रसिद्ध झाला. कालव्यावर किती खर्च झाला एवढे पाहून ते थांबले नाहीत. पाण्याने शेताचे उत्पन्न, मजुराचे काम आणि आसपासचा व्यापार यांत काय फरक पडला, हे त्यांनी मोजावयास घेतले. प्रकल्पाची कसोटी शेतावर जाऊन लावण्याची ही दृष्टी स्वातंत्र्यानंतरच्या नियोजनात रुजावयास हवी होती. ती बाजूस पडली आणि खर्चाची टक्केवारी हेच प्रगतीचे माप ठरले.

डाव्या व समाजवादी चळवळीने या संदर्भात स्वतःकडेही पाहिले पाहिजे. मोर्चे धरणांसाठी निघाले, शेतचारीसाठी निघाले नाहीत. प्रकल्पग्रस्तांचा लढा चळवळीने जिद्दीने लढला आणि १९७६ साली पुनर्वसनाचा कायदा करणे सरकारला भाग पडले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु त्याच व्यवस्थेतील एक यातना फारशी बोलली गेली नाही. प्रकल्पाचे लाभक्षेत्र घोषित होताच तेथील जमिनीच्या खरेदी-विक्रीवर व वाटणीवर निर्बंध येतात, कारण त्यातून विस्थापितांसाठी जमीन घ्यावयाची असते. पाणी चार वर्षांत आले तर हा निर्बंध न्याय्यच आहे. पाणी तीस वर्षे आले नाही तर तो शेतकरी कोरडवाहूच राहतो आणि मुलीच्या लग्नासाठी वा आजारपणासाठी एकरभर विकावयाचे तर त्याला कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागतात. धरणामुळे ज्याचे घर गेले तो आणि धरणाची वाट पाहणारा हा, दोघेही एकाच दिरंगाईचे बळी आहेत. त्यांना परस्परांविरुद्ध उभे करणे राज्यकर्त्यांच्या सोयीचे असते.

दुसऱ्या बाजूने पाहता, कारभार लोकांच्या हाती आला की काय होते याचे उदाहरणही दूर शोधावे लागत नाही. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर ओझरच्या शेतकऱ्यांनी समाज परिवर्तन केंद्र व बापूसाहेब उपाध्ये यांच्या प्रयत्नाने १९९० नंतर पाणी वापर संस्था उभ्या केल्या. ओझर कालव्याच्या शेपटाला. तेथवर पाणी पोचत नव्हते. संघटना तेथूनच सुरू झाली, हे या प्रयोगाचे मर्म होय. संस्थेने पाणी मोजून घ्यावे, मोजून वाटावे व त्याची पट्टी भरावी, अशी व्यवस्था बसली आणि पुढे साऱ्या प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे आले. २००५ साली राज्याने सिंचन पद्धतींच्या व्यवस्थापनाचा कायदा केला त्यास अशा अनुभवांचा आधार होता. परंतु जेथे चारीच खोदलेली नाही तेथे संस्था नोंदवून काय करावयाचे? कायदा कागदावर राहिला तो यामुळे.

विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये ती पुन्हा स्थापण्याचा ठराव राज्य मंत्रिमंडळाने केला. मंडळे अवश्य असावीत, परंतु निधीच्या वाटपाची शिफारस करणारी जुनी मंडळे तशीच परत आणण्यात अर्थ नाही. एखाद्या खोऱ्यातील चालू कामे पुरी होईपर्यंत नवे काम रोखण्याचा अधिकार त्यांना पाहिजे. प्रशासकीय मान्यतेत शेवटच्या शेतचारीचा खर्च व तारीख धरलेली असावी आणि कालव्याचा जेवढा टप्पा पुरा होईल तेवढ्यावरील पाणी त्याच हंगामात सुरू व्हावे. गावठाण हलविण्यापूर्वी नव्या जागी नागरी सुविधा तयार आहेत काय, हे ग्रामसभेने सांगावे, अभियंत्याने नव्हे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समित्या आल्या, त्यांच्यासाठी राज्याने १९९८ साली कायदाही केला. परंतु मोठे पाटबंधारे राज्यस्तरीय म्हणून त्यांच्या कक्षेबाहेर राहिले. जिल्ह्याच्या जमिनी बुडवणाऱ्या व भिजवणाऱ्या कामावर जिल्ह्याने बोलू नये, ही तऱ्हा मोडली पाहिजे.

यासाठी नवा कायदा होण्याची वाट कार्यकर्त्यांनी पाहू नये. लाभक्षेत्रातील गावांची यादी व गट क्रमांक पाटबंधारे विभागाकडे असतात आणि २००५ च्या माहितीच्या अधिकाराने ते मिळविता येतात. पवनी, ब्रह्मपुरी, सावली या तालुक्यांत एकेका गावाची यादी घेऊन बांधावर जावे, कोणत्या गटास कोणत्या हंगामात किती पाळ्या मिळाल्या ते शेतकऱ्यासमोर लिहावे आणि तो कागद ग्रामसभेत वाचावा. आर्थिक पाहणीतील रिकामा रकाना गावोगावी भरला गेला, तर पुढील अर्थसंकल्पी अधिवेशनात विरोधी बाकांवरील आमदारांच्या हाती मंत्र्यापुढे ठेवावयास तो कागद असेल.