जोड्याची टाच आणि ग्राहकाचे अज्ञान

वर्षातून चार वेळा घालण्यासाठी जपून ठेवलेले बूट लग्नसराईत खोक्यातून बाहेर काढावेत आणि मांडवापर्यंत पोचता पोचता टाचेचा काळपट भुगा रस्त्यावर सांडत जावा, हा अनुभव बुलढाणा, चिखली, मेहकर येथील नोकरदार कुटुंबांना आता नवा राहिलेला नाही. दुकानदाराने फसविले, असा पहिला निष्कर्ष निघतो. हल्लीच्या मालात राम उरला नाही, हा दुसरा. दोन्ही निष्कर्ष अर्धवट आहेत आणि म्हणूनच त्यांतून कोणताही उपाय निष्पन्न होत नाही.

प्रथम झीज आणि विघटन यांत भेद केला पाहिजे. चालताना बहुतेकांची टाच मागच्या बाहेरील कडेने जमिनीला टेकते; जोडा तेथेच आधी झिजतो. ही झीज म्हणजे चालण्याचे मोल होय. जुन्या चामडी टाचेत कातड्याचे तुकडे एकावर एक रचून खिळ्यांनी ठोकलेले असत. झिजलेला थर काढून नवा बसविता येई. काटकसरी माणूस तर आरंभीच नाल मारून घेई. अशी झीज डोळ्यांना दिसते, तिचा खर्च घरच्या अंदाजपत्रकात धरता येतो. भुगा होणाऱ्या टाचेची गोष्ट निराळी. ती न चालताही मरते.

हलक्या, मऊ, फेसाळ तळांपैकी बरेच तळ पॉलियुरेथेनचे असतात. जर्मनीत ऑटो बायर यांनी 1937 मध्ये या द्रव्यांचे रसायन प्रथम सिद्ध केले. पादत्राणांसाठी त्याचा जो प्रकार प्रामुख्याने वापरला जातो, त्यातील रेणूंच्या साखळ्या एस्टर बंधांनी जोडलेल्या असतात. हवेतील बाष्प हे बंध हळूहळू तोडते. तुटताना आम्ल निर्माण होते आणि ते आम्ल पुढील तोडफोडीस हातभार लावते. उष्णतेने हा वेग वाढतो. पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर-खामगावकडचा वैशाख आणि त्यामागून येणारा दमट पावसाळा, असे हे दुहेरी संकट आहे. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवल्यास आत अडकलेला ओलावा उलट आपले काम निवांतपणे करतो. डांबराच्या गोळ्या कसरीला अटकाव करतील, बाष्पाला नाही. बुटाची किंमत मोठी असली तरी रसायन तिला मान देत नाही. ईथर बंधांचे पॉलियुरेथेन बाष्पाला अधिक दाद देत नाही आणि व्हल्कनीकृत रबराला हा रोगच नाही. म्हणजे पर्याय आहेत. पण दुकानातील फळीवर हे सारे तळ सारखेच काळे दिसतात.

प्रश्न येथे रसायनाचा उरत नाही, अर्थशास्त्राचा होतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले, की विक्रेत्याला मालाचा गुण ठाऊक असेल आणि खरेदीदाराला नसेल, तर चांगला माल बाजारातून हुसकला जातो. कारण टिकाऊपणासाठी चार पैसे जास्त देण्याची ग्राहकाची तयारी असली, तरी तो टिकाऊपणा ओळखण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. जोड्याच्या बाबतीत तर कित्येकदा खुद्द दुकानदारही अज्ञानात असतो. शिवाय दुकानात पडून राहिलेला जोडा सवलतीच्या दरात विकला जातो, तेव्हा त्याच्या आयुष्याची दोन-तीन वर्षे आधीच खर्च झालेली असू शकतात. स्वस्ताई म्हणून ग्राहक जे घेतो, ते उरलेले आयुष्य असते.

निर्मितीचा महिना आणि वर्ष खोक्यावर छापण्याचे बंधन आहे, हे खरे. पण खोके पहिल्याच दिवशी केरात जाते. पादत्राणांसाठीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश 1 ऑगस्ट 2024 पासून लागू झाला, हेही स्वागतार्ह. मात्र मानकचिन्ह म्हणजे अमुक वर्षे टिकण्याची हमी नव्हे. 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवरील वस्तू व सेवा कर 5 टक्क्यांवर आला. त्यापूर्वी तो हजारापर्यंत 12 आणि त्यापुढे 18 टक्के होता. किमतीची एवढी चर्चा झाली, आयुष्याची कोणी केली नाही. तळ कशाचा आहे आणि कोणत्या वर्षीचा आहे, ही दोन अक्षरे तळावरच कोरण्याची सक्ती करावयास कितीसा खर्च येणार? साचा तर असतोच. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष उत्पादनाची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. परंतु पावती आणि खोके दोन्ही हरवलेल्या शिक्षकाने किंवा कारकुनाने आयोगापुढे सिद्ध काय करावयाचे?

या व्यवहारात आणखी एक पक्ष आहे आणि त्याचा विचार सहसा होत नाही. बसस्थानकाबाहेर रापी आणि आरी घेऊन बसणारा कारागीर चामड्याला टाके घालू शकतो. साच्यात ओतून थेट बुटाला चिकटविलेला फेसाळ तळ भुगा झाल्यावर त्या भुग्यात टाका धरणार कोठे? गटई कामगारांना पत्र्याचे स्टॉल देण्याची शासनाची योजना आहे. छप्पर मिळाले, काम मात्र आटत चालले. वास्तविक अशा बऱ्याच जोड्यांचा वरचा भाग शाबूत असतो. भुगा खरवडून त्या जागी रबरी तळ चिकटवून शिवला, तर जोडा आणखी काही वर्षे चालतो. त्यासाठी योग्य मापाचे तयार तळ, चांगला चिकटपदार्थ, शिलाईचे यंत्र आणि थोडे प्रशिक्षण एवढेच लागते. 1974 मध्ये स्थापन झालेल्या आणि आज संत रोहिदासांच्या नावाने चालणाऱ्या चर्मोद्योग महामंडळाने असे एखादे केंद्र खामगावात काढून पाहावे. तेथे बसविलेल्या प्रत्येक तळावर वर्ष कोरले, तर मोठ्या कारखानदारांना हे अशक्य आहे असे म्हणता येणार नाही.