हातोडीला घातलेली शिवी

हुबळीत गोकुळ रोडवरच्या एका गॅरेजात स्कूटर लावून बसलो होतो. मिस्त्रीची हातोडी छिन्नीवरून निसटली ती थेट अंगठ्यावर. खणखणीत शिवी निघाली. दोन मांड्यांत अंगठा दाबून तो घटकाभर थांबला आणि पुन्हा कामाला लागला. कुणी वर पाहिलंही नाही. थोड्या वेळाने पोऱ्याने दहा-अकराऐवजी बारा-तेराचा पाना आणला. शिवी तीच, आईवरची. पोऱ्याची मान खाली.

पहिल्या शिवीचं काम मला कळतं. इंग्लंडच्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स यांनी २००९ मध्ये विद्यार्थ्यांना बर्फगार पाण्यात हात बुडवायला लावले. शिवी उच्चारताना कळ जास्त वेळ सोसवली. पुढे २०११ मध्ये असंही दिसलं की उठता-बसता शिव्या देणाऱ्यांना हा गुण कमी येतो.

आपल्या जुन्या रूढीही शिवीला दिवस ठरवून देतात. हुबळीच्या होळीत तोंडावर हात मारून ‘लबो लबो’ करायला मोकळीक असते. खंडाळा तालुक्यातल्या सुखेड आणि बोरीच्या बायका तर नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवरून एकमेकींना लाखोली वाहतात. बोरीचा बार. मध्ये ओढा असतो, आणि समोरचीलाही तितकंच तोंड असतं. पोऱ्याला ते नव्हतं.

नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावाने २०२४ मध्ये ग्रामसभेत ठराव केला: आई-बहिणीवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड. भांडण दोघा पुरुषांचं आणि वाभाडे घरातल्या बाईचे, ही रीत कुणीतरी जाहीरपणे मोडायला हवीच होती. मी असतो तर हात वर केला असता. तरी मनात किंतु राहतो. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहातून (१९७२) शिव्या वेचून काढल्या तर कामाठीपुऱ्याचं काय उरेल? तिथे तुडवला गेलेला माणूस बोलतो. दंडाच्या पावतीवर मात्र शब्द तेवढा लिहिता येतो. कोण कुणाला म्हणाला, कुणाला उलट बोलायची सोय होती, यासाठी रकाना नसतो. मिस्त्रीला दोन्ही वेळा दंड करावा का? मी पहिला माफ केला असता.

पैसे देऊन निघालो तेव्हा पोऱ्या सायकलवरून चहा आणायला चालला होता. चेन उतरली. इकडे-तिकडे बघून त्याने चाकाला लाथ घातली आणि तोच शब्द, अगदी हळू, पुटपुटला.