अंगठा आणि अधिकार

सेवाग्रामला आलेला पाहुणा बापूकुटी पाहतो, घटकाभर शांत बसतो आणि निघतो. तेथे राहिलेल्या माणसाचा सत्याग्रह म्हटला की आपल्याला चंपारणची नीळ आठवते, दांडीचे मीठ आठवते. पण सत्याग्रहाची पहिली ठिणगी ज्या कायद्यावरून पडली, त्या कायद्यात बोटांच्या ठशांची सक्ती होती, हे आपल्या वर्धा जिल्ह्यातही फारसे कोणी सांगत नाही. आज रेशनच्या दुकानापासून बँकेच्या खिडकीपर्यंत जागोजागी अंगठा टेकवावा लागत असताना ती हकिगत उजळून पाहणे गरजेचे झाले आहे.

साल १९०६. दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवाल सरकारने वटहुकूम आणला. प्रत्येक हिंदी माणसाने, एवढेच नव्हे तर आठ वर्षांवरील मुलानेही, नोंदणी करावी, बोटांचे ठसे द्यावेत, परवाना जवळ बाळगावा आणि पोलिसाने मागताच दाखवावा. ११ सप्टेंबरला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात सभा भरली आणि हा कायदा न पाळण्याची शपथ घेतली गेली. गंमत अशी, की ठशांची ही विद्या आपल्याच देशात वाढली होती. १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने करारावर एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे कलकत्त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी वर्गीकरणाची पद्धत बसवण्यासाठी कष्ट उपसले. जगात नाव झाले ते त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचे. त्याच हेन्रीच्या पुस्तकातून गांधीजींना कळले, की कायद्याने असे ठसे फक्त गुन्हेगारांचे घेतले जातात. अपमान तेथे होता.

पण गोष्टीचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. जानेवारी १९०८ मध्ये जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड झाली. हिंदी लोकांनी स्वेच्छेने नोंदणी करावी, सरकार कायदा मागे घेईल, असे गांधीजींनी मानले. १० फेब्रुवारीला ते नोंदणीसाठी निघाले, तेव्हा संतापलेल्या मीर आलम या पठाणाने त्यांना रस्त्यातच रक्तबंबाळ केले. तरीही अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी ठसे दिले. पुढे कायदा रद्द झालाच नाही. तेव्हा १६ ऑगस्टला हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून अधिक परवान्यांची होळी झाली.

म्हणजे एकाच माणसाने एकदा ठसे नाकारले, एकदा दिले आणि शेवटी परवाना जाळला. यात विसंगती नाही. त्यांचे भांडण शाईशी नव्हते. ठसा कोण मागतो, कोणत्या अधिकाराने मागतो, नाही म्हटले तर काय होते आणि दिलेला शब्द पाळला जातो का, हे त्यांचे प्रश्न होते. आजही नेमके हेच चार प्रश्न विचारायचे आहेत.

आपल्या लोकांची या यंत्राकडे पाहण्याची नजर दुहेरी आहे. सावकाराच्या कागदावर उठवलेल्या अंगठ्याने किती जमिनी गेल्या, हे विदर्भातल्या घराघराला ठाऊक आहे. 'अंगठाबहाद्दर' ही तर आपल्याकडे शिवीच. पण मधल्या दलालाला वगळून पैसा थेट खात्यात येतो, आपल्या नावाचे धान्य दुसरा उचलू शकत नाही, याचे समाधानही खरे आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिले गेले. तेव्हा नोंदणी ऐच्छिक होती. पाहता पाहता बँक, मोबाइल, शाळा, सगळीकडे तोच क्रमांक मागितला जाऊ लागला. कायदा आला तो २०१६ मध्ये. आधी ठसे, मग कायदा!

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०१८ मध्ये चार विरुद्ध एक अशा मताने आधार कायदा वैध ठरला; सरकारी लाभांसाठी आधार मागता येईल, मात्र आधार नाही म्हणून शाळेत मुलाचा प्रवेश अडवता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी वेगळे मत नोंदवून सारी योजनाच घटनाबाह्य ठरवली होती. २०१९ च्या दुरुस्तीने मुलांना अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत आपला क्रमांक रद्द करून घेण्याची सोय दिली. किती आईबापांना हे माहीत आहे?

कागदावरचा हक्क आणि यंत्रापुढचा माणूस यांतले अंतर आपल्या जिल्ह्यात स्पष्ट दिसावे. पऱ्हाटीच्या बोंडांची टोके सोसत कापूस वेचणाऱ्या बाईच्या, फावडे मारणाऱ्या मजुराच्या, सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्याच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. यंत्र त्यांना ओळखत नाही, आणि आयुष्यभर राबल्याची खूणच त्यांच्या आड येते. याच जिल्ह्यात गांधीजींनी कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली, दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी कुष्ठधाम उभारले. ज्यांची बोटेच आजाराने नेली, त्यांनी कोणता ठसा द्यावा? केरळातील बोटे नसलेल्या एका महिलेची नोंदणी अडल्याचे प्रकरण गाजले, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केले, की बोटे नसतील तर डोळ्यांच्या बुबुळांवरून आणि दोन्ही शक्य नसेल तर त्यांच्याविनाही नोंदणी करता येते. सोय होती, खिडकीवरच्या माणसाला ती ठाऊक नव्हती, किंवा वापरायची नव्हती.

यंत्र मोडून हा प्रश्न सुटणार नाही आणि यंत्राची आरती करूनही सुटणार नाही. कुलूप बिघडले तर बदलता येते, बोट बदलता येत नाही. म्हणून ठसा सांभाळणाऱ्याची जबाबदारी देणाऱ्यापेक्षा मोठी मानली पाहिजे. घरापुरते सांगायचे तर आधारची झेरॉक्स कोणाच्याही हाती देऊ नये, क्रमांकाचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत वापरावी आणि ठसे 'लॉक' करण्याची सोय शिकून घ्यावी. गावापुरते सांगायचे तर यंत्राने ओळखले नाही म्हणून या महिन्यात किती जण धान्याविना परतले आणि त्यांना दुसऱ्या मार्गाने ते मिळाले का, हा आकडा ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, विचारणारा एक माणूस लागतो. अंगठा आपला आहे. त्याचा हिशेब मागण्याचा अधिकारही आपलाच आहे.