स्विच घेताना नुसते अँपिअर पाहू नका

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कंट्रोल पॅनेल, चाचणीची उपकरणे आणि छोटी यंत्रे बनविणारे गाळे पुष्कळ आहेत. याच सातपुरात एबीबी कंपनीच्या कारखान्यात हजारो व्होल्टचा प्रवाह तोडणारे व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर तयार होतात. प्रवाह जोडणे सोपे आणि तोडणे अवघड, हे या वसाहतीला नव्याने सांगायला नको. तरीही छोट्या गाळ्यातला माणूस स्विच आणायला जातो तेव्हा दुकानदाराला एवढेच सांगतो, "सहा अँपिअरचा द्या, स्वस्तातला." आमच्या मते ही मागणी अर्धवट आहे. उरलेल्या अर्ध्याची किंमत पुढे कारागीर, ग्राहक आणि खुद्द उद्योजक मोजतात.

आमच्या पाहण्यातले एक उदाहरण देतो. एका गाळ्यात माल हलविण्यासाठी बॅटरीवर चालणारी ट्रॉली बनविली होती. बॅटरी ४८ व्होल्टची, मोटर डीसी. चालू-बंद करण्यासाठी घरातल्या बोर्डावर असतो तसला १६ अँपिअरचा स्विच बसविला. मोटर दहा अँपिअरच्या आतच प्रवाह घेत होती, तेव्हा हिशेब बरोबर वाटत होता. काही आठवड्यांनी एका संध्याकाळी स्विच बंद केला, तरी ट्रॉली चालतच राहिली. आतले कॉन्टॅक्ट वितळून एकमेकांना चिकटले होते. एकाने धावत जाऊन बॅटरीची वायर उपटली, म्हणून समोर उभ्या असलेल्या हेल्परचा पाय वाचला. मालक म्हणाले, स्विच डुप्लिकेट निघाला. तसे नव्हते. स्विच अस्सल होता, त्याला भलत्याच कामाला जुंपले होते.

कारण समजून घेण्यासारखे आहे. आपल्याकडचा एसी प्रवाह ५० हर्ट्झचा, म्हणजे तो सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. स्विच उघडताना कॉन्टॅक्टमध्ये जी ठिणगी पेटते ती या शून्याच्या क्षणी विझते. मोठ्या व्हॅक्यूम ब्रेकरचे कामही याच क्षणाच्या आधारावर चालते. डीसी प्रवाह मात्र शून्यावर येतच नाही. ठिणगी ताणली जाते, जळत राहते आणि कॉन्टॅक्ट खाऊन टाकते. म्हणूनच अनेक टॉगल स्विचच्या माहितीपत्रकात तेच अँपिअर एसीला २५० व्होल्टपर्यंत, पण डीसीला २८ किंवा ३० व्होल्टपर्यंतच दिलेले असतात. घरगुती स्विचचे भारतीय मानक आयएस ३८५४ हे तर फक्त एसीसाठीच आहे. तेव्हा पहिला प्रश्न हा की प्रवाह एसी आहे की डीसी, आणि किती व्होल्टचा?

दुसरा प्रश्न भाराचा. हीटरची कॉइल सरळ वागते, जितके अँपिअर लिहिले तितकेच घेते. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सात पट प्रवाह ओढते. जुन्या तारेचा दिवा थंड असताना दहा पटीहून अधिक ओढतो. एलईडीचे ड्रायव्हर आणि पॉवर सप्लाय यांतले कपॅसिटर क्षणभर मोठा झटका देतात. कॉन्टॅक्टर किंवा सोलेनॉइडची कॉइल नेमके उलटे करते. ती बंद करताना उलटा दाब उसळतो आणि ठिणगी लांबवितो. डीसी कॉइलला उलटा डायोड जोडावा आणि एसी कॉइलला रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी लावावी, एवढ्यानेही स्विचचे आयुष्य वाढते. चांगल्या औद्योगिक स्विचवर नुसते अँपिअर नसतात. एसी-१५ किंवा डीसी-१३ असे वर्गही लिहिलेले असतात. हे वर्ग कॉइलसारख्या भारासाठी आहेत. ते वाचायची सवय लावून घेतली पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, मग मोठ्यातला मोठा स्विच घेऊन मोकळे व्हावे. येथेही चूक होते. पीएलसीच्या इनपुटला किंवा मीटरच्या कार्डाला काही मिलिअँपिअरच पुरतात. चांदीच्या कॉन्टॅक्टवर हवेतल्या गंधकाने काळा थर बसतो. मोठा प्रवाह तो जाळून टाकतो, मिलिअँपिअरला ते जमत नाही. मग यंत्र कधी चालते, कधी चालत नाही, आणि दोष मात्र प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या माथी येतो. अशा जागी सोन्याचा मुलामा दिलेल्या कॉन्टॅक्टचा छोटा स्विच हवा. दुसरी गोष्ट म्हणजे बटण दाबताना कॉन्टॅक्ट काही मिलिसेकंद उड्या मारतात. त्यामुळे काउंटर एका नगाचे तीन नग मोजतो. प्रोग्राममध्ये १० ते २० मिलिसेकंदांची वाट पाहायला लावली की बहुतेक वेळा हा घोळ मिटतो.

तिसरा प्रश्न जागेचा आणि वापराचा. ग्राइंडिंगच्या धुळीत किंवा कूलंटच्या फवाऱ्यात साधा लिमिट स्विच टिकत नाही. तेथे आयपी ६५ हवा. यातला ६ म्हणजे धूळ मुळीच आत जाणार नाही आणि ५ म्हणजे पाण्याची धार सोसेल. आता वापराचा हिशेब करा. मिनिटाला १० वेळा चालणारा प्रेस आठ तासांत ४,८०० वेळा चालतो. भारासह ५०,००० वेळा चालेल असा स्विच तेथे अकरा दिवसही पुरणार नाही. माहितीपत्रकात यांत्रिक आयुष्य आणि विजेच्या भारासह आयुष्य असे दोन आकडे असतात. मोठा आकडा पहिला असतो, आपल्या कामाचा दुसरा.

आणि जेथे माणसाचा हात यंत्राजवळ जातो, तेथे काटकसर नकोच. आणीबाणीचे लाल बटण पिवळ्या पाठीवरचे, दाबल्यावर अडकून राहणारे आणि एनसी कॉन्टॅक्टचे असावे. एनसीमध्ये वायर तुटली तर यंत्र आपोआप थांबते. एनओ वापरले तर तुटलेली वायर कोणाच्या लक्षातच येत नाही, आणि ती कळते नेमकी बटणाची गरज पडते तेव्हा. चालत्या यंत्राची शक्ती तातडीने तोडण्याचे साधन प्रत्येक कामाच्या खोलीत असलेच पाहिजे, असे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २४ व्या कलमातच लिहिले गेले होते. प्रेसवर दोन हातांची दोन बटणे असतात तीही अशाच कारणासाठी. त्यातले एक चिकटपट्टीने दाबून ठेवण्याची रीत काही ठिकाणी दिसते. दोन्ही बटणे एकाच वेळी दाबली आणि प्रत्येक ठोक्यानंतर दोन्ही सोडली तरच प्रेस चालेल, अशी जोडणी करता येते. ती केली की चिकटपट्टीचा उपयोग राहत नाही.

लघुउद्योजकांची अडचण आम्ही जाणतो. मोठा ग्राहक दर पाडून मागतो आणि पैसे महिनोन्महिने थकवितो. परंतु पॅनेलच्या एकूण खर्चात स्विचचा वाटा अगदी थोडा असतो. त्यात वाचविलेले पैसे एका दुरुस्तीच्या फेरीत जातात, आणि गेलेला ग्राहक तर परत येत नाही. महागडी कंपनीच घ्या असेही आमचे म्हणणे नाही. घरगुती स्विच घरात उत्तमच असतो. योग्य जागी योग्य स्विच, एवढाच आग्रह आहे.

दुकानदारांनीही माहितीपत्रक मागणाऱ्या गिऱ्हाइकाला टाळू नये. सातपूरच्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलांना आणि गाळ्यांतल्या कारागिरांना एकत्र बसवून 'निमा'सारख्या संस्थेने या विषयावर वर्षातून एक दिवस द्यावा, अशी आमची सूचना आहे. तोवर प्रत्येकाने आपल्या गाळ्याच्या भिंतीवर चार प्रश्न लिहून ठेवावेत: प्रवाह कोणता आणि किती व्होल्टचा? भार कशाचा? जागा कशी आणि दिवसाला किती वेळा? आणि हा स्विच बिघडला तर यंत्र थांबेल की चालूच राहील? या चारांची उत्तरे कागदावर लिहूनच दुकानाची पायरी चढावी.