आकाशातील वाट

दोन गावांमधील अंतर कधी बदलत नाही, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वाहन संथ असेल तर वेळ अधिक लागतो, वेगवान असेल तर कमी; मैलाचा दगड मात्र जागचा हलत नाही. विमानप्रवासाला हा हिशेब पुरता लागू पडत नाही. तेथे वेगवान विमान असूनही जवळचे शहर दूर जाऊ शकते.

फिनलंडमधील हेलसिंकी आणि जपानमधील टोकियो या दोन शहरांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. पृथ्वीच्या गोलावर या शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो रशियाच्या सायबेरिया प्रदेशावरून जातो. ही सर्वांत जवळची वाट सुमारे ७,८०० किलोमीटरची असून ती कापण्यास विमानाला साडेनऊ तासांच्या आसपास वेळ लागतो. परंतु १९८३ साली फिनएअर कंपनीने या शहरांदरम्यान विनाथांबा सेवा सुरू केली, तेव्हा ही वाट तिला मोकळी नव्हती. तो शीतयुद्धाचा काळ होता. सोव्हिएत संघाचे आकाश टाळून तिची विमाने उत्तर ध्रुवावरून, अलास्काच्या बाजूने वळसा घेत, सुमारे तेरा तासांनी टोकियोला पोहोचत.

पुढे शीतयुद्ध ओसरले आणि सायबेरियावरील वाट खुली झाली. मात्र फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय देशांनी रशियन विमानांना आपले आकाश बंद केले. रशियानेही तेच केले. मार्च २०२२ मध्ये फिनएअरची विमाने पुन्हा ध्रुवाच्या वाटेला लागली. दरम्यानच्या एकोणचाळीस वर्षांत विमाने सुधारली, तंत्रज्ञान पुढे गेले. प्रवास मात्र पुन्हा तेरा तासांवर येऊन ठेपला.

भारतीय प्रवाशांनाही हा अनुभव आला. एप्रिल २०२५ मध्ये भारत व पाकिस्तान यांनी परस्परांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. दिल्लीहून पश्चिमेकडे निघालेल्या भारतीय विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला.

आपल्या भूमीवरील आकाशावर प्रत्येक राष्ट्राचा पूर्ण अधिकार आहे. १९४४ च्या शिकागो कराराने तो मान्य केला आहे. युद्धभूमीवरील आकाश बंद ठेवणे तर आवश्यकच असते. जुलै २०१४ मध्ये पूर्व युक्रेनवरून जाणारे मलेशियाचे प्रवासी विमान क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि २९८ जणांचे प्राण गेले. तेथे आकाश वेळीच बंद झाले असते, तर हा अनर्थ टळला असता.

तथापि, संरक्षणासाठी वाट बंद करणे वेगळे आणि प्रतिपक्षाला धडा शिकवण्यासाठी ती अडवणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात शिक्षा होते ती उपचारासाठी निघालेल्या रुग्णाला, परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आणि वर्षातून एकदाच घरी परतणाऱ्या कामगाराला. वाढलेल्या तासांबरोबर अधिक इंधन जळते; त्याचा भार तिकिटावर आणि हवेवर पडतो. ज्यांनी निर्णय घेतला, त्यांना हा वळसा क्वचितच जाणवतो.

म्हणून राष्ट्रांचे कितीही मतभेद असले, तरी जेथे जीवितास धोका नाही, तेथे प्रवासी विमानांची वाट मोकळी ठेवली पाहिजे. समुद्र आणि पर्वत ओलांडण्याची विद्या माणसाने कष्टाने मिळवली. त्याने स्वतःच उभ्या केलेल्या भिंतींना वळसा घालण्यात ती खर्ची पडू नये.