वंशावळीत नसलेले मूल

वंशावळ लिहिताना रेघा नेहमी वरून खाली ओढल्या जातात. आजोबांपासून वडिलांकडे, वडिलांपासून मुलांकडे. ज्याला पुढे संतती झाली त्याचे नाव त्या कागदावर टिकते, कारण ते सांगणारे कुणीतरी मागे उरलेले असते. जे मूल रांगत असतानाच गेले, ज्याने पुरती दोन वर्षेही पाहिली नाहीत, त्याच्यापासून खाली एकही रेघ निघत नाही. आई असेपर्यंत त्याची आठवण घरात असते. पुढे आई जाते, भावंडे जातात आणि ते मूल दुसऱ्यांदा नाहीसे होते. त्या वेळी त्याच्यासाठी रडणारेही कुणी नसते.

अशा मुलाचा माग शंभर-सव्वाशे वर्षांनी लागू शकतो का? पुष्कळदा लागतो, मात्र कोठे पाहावे आणि काय पाहावे, हे ठाऊक असावे लागते. या दृष्टीने कर्नाटकातील कोलार सुवर्णक्षेत्राचे, म्हणजे केजीएफचे, उदाहरण बोलके आहे.

२०१८ साली आलेल्या कन्नड चित्रपटामुळे केजीएफ हे नाव घरोघरी पोहोचले. त्या परिसराचा इतिहास मात्र फार जुना आहे. गंग राजे स्वतःला कुवलालपूरचे अधिपती म्हणवीत. ते कुवलालपूर म्हणजेच आजचे कोलार. श्रवणबेळगोळ येथे गोम्मटेश्वराची मूर्ती उभारणारा चामुंडराय याच गंग घराण्याचा मंत्री होता. पुढे शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीतही कोलारचा समावेश झाला. १८०२ साली जॉन वॉरन या लष्करी अधिकाऱ्याने येथील मातीत सोने असल्याची खातरजमा केली. १८७५ साली मायकेल लव्हेल या निवृत्त आयरिश सैनिकाने म्हैसूर सरकारकडून खाणकामाचा परवाना मिळवला. १८८० साली जॉन टेलर अँड सन्स या इंग्रज कंपनीने काम हाती घेतले आणि खडकाळ माळावर एक संपूर्ण शहर उभे राहिले. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या, तोवर त्या भूमीतून सुमारे ८०० टन सोने निघाले होते आणि चॅम्पियन रीफ ही खाण तीन किलोमीटरांहून अधिक खोल गेली होती.

या शहरात येणारी माणसे प्रामुख्याने दोन दिशांनी आली. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या तांब्याच्या आणि कथिलाच्या खाणी चालत. १८६६ साली तेथील तांब्याचा धंदा कोसळला आणि खाणकामात मुरलेली ती माणसे जगभर पांगली. त्यांपैकी काही बायकामुलांसह कोलारला पोहोचली. दुसरीकडे उत्तर अर्काट, सेलम अशा तमिळ जिल्ह्यांतून हजारो मजूर आले. त्यांतील बहुसंख्य दलित समाजातील होते. गोऱ्यांना बागेसह बंगले मिळाले. मजुरांच्या वाट्याला बांबूच्या तट्ट्यांनी बांधलेल्या झोपड्या आल्या. १९०२ साली शिवनसमुद्रम येथून सुमारे १४७ किलोमीटर तारा ओढून येथे वीज आणली गेली, बंगळूर शहराला वीज मिळण्याच्याही आधी. मात्र त्या काळात पटकी, देवी, हगवण यांसारख्या रोगांपुढे बंगला आणि झोपडी दोन्ही हतबल होती. लहान मुले दोन्हीकडे दगावत होती.

आता कॉर्नवॉलमधील एखाद्या घराची कल्पना करावी. पणजोबा भारतात सोन्याच्या खाणीत होते, एवढे तेथे ऐकून माहीत आहे. त्यांचे एक मूल तिकडेच राहिले, याची कुणालाही कल्पना नाही. ती येते एका सरकारी कागदातून.

२ एप्रिल १९११ रोजी इंग्लंड आणि वेल्समध्ये जनगणना झाली. त्या वेळी प्रत्येक विवाहित स्त्रीविषयी एक नवी माहिती विचारली गेली: या विवाहापासून जिवंत जन्मलेली मुले किती, त्यांतील हयात किती, मृत किती. ते माहितीपत्रक कुटुंबप्रमुखाने स्वतः भरायचे होते आणि ते मूळ कागद जपून ठेवले गेले आहेत. त्यामुळे पणजोबांचे प्रत्यक्ष हस्ताक्षर पणतीला पाहायला मिळते. समजा, तेथे जन्मलेली सहा, हयात पाच, मृत एक असे आकडे आहेत. आणि शेजारच्या रकान्यात एका मुलीचे जन्मस्थान म्हैसूर, इंडिया असे लिहिले आहे. घरात पाचांचीच नावे सर्वांना पाठ असतात. सहावे कोण, हा प्रश्न प्रथमच त्या घरात उभा राहतो.

या जनगणनेतील आणखी एक गोष्ट मन हेलावणारी आहे. विधुरांनी आणि विधवांनी हे रकाने भरणे अपेक्षित नव्हते. तरी अनेकांनी ते भरले. आपल्याला किती मुले झाली आणि किती गेली, हे सांगितल्यावाचून त्यांना राहवले नसावे. तपासनिसांनी त्या उत्तरांवर लाल शाईने रेघ मारली. पण रेघेखालचे आकडे आजही वाचता येतात.

आकडा मिळाला म्हणजे नाव मिळाले असे होत नाही. नावासाठी चर्चच्या वह्या पाहाव्या लागतात. ब्रिटिश अमलात भारतातील धर्मोपदेशक बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या नकला वरिष्ठांकडे पाठवीत व तेथून त्या लंडनला जात. मद्रास इलाख्याची ही मालिका १६९८ पासून, मुंबई इलाख्याची १७०९ पासून आणि बंगालची १७१३ पासून सुरू होते. आज या वह्या ब्रिटिश लायब्ररीत असून त्यांतील पुष्कळ भाग संगणकावरही पाहता येतो. म्हैसूर संस्थानातील इंग्रजी चर्चचा कारभार मद्रासच्या बिशपकडे असल्याने कोलारची नोंद मद्रासच्या मालिकेत शोधावी लागते. दफनाच्या नोंदीत मुलाचे नाव, वय, पित्याचा व्यवसाय, मृत्यूचे कारण आणि दफनाची तारीख अशी माहिती आढळते. एका आयुष्याची सगळी हकिकत एका ओळीत मावते. आयुष्यच तेवढे असते.

येथे शोध घेणारा एका ठिकाणी हमखास चुकतो. त्या काळी इंग्रज कुटुंबांत मृत मुलाचे नाव त्याच्या पाठच्या भावंडाला देण्याची रीत होती. थोरला गेला की धाकट्याला तेच नाव. त्यामुळे एकाच आईवडिलांच्या पोटी एकाच नावाच्या दोन मुलांचा बाप्तिस्मा नोंदलेला दिसतो आणि वाचणारा त्यातील एक नोंद चुकीची समजून सोडून देतो. ती चूक नसते. पहिली नोंद त्या हरवलेल्या मुलाची असते, आणि दुसरा मुलगा जन्मभर भावाचे नाव सांभाळत जगलेला असतो.

नाव आणि तारीख हाती आल्यावर मगच कबरीचा शोध सुरू करणे शहाणपणाचे ठरते. थेट दफनभूमीत जाऊन झुडपे बाजूला सारीत फिरण्याने बहुधा निराशाच पदरी पडते. भारतीय उपखंडातील जुन्या युरोपीय दफनभूमींची नोंद ठेवण्यासाठी १९७६ साली थिऑन विल्किन्सन यांच्या पुढाकाराने लंडनमध्ये एक संस्था स्थापन झाली. विल्किन्सन यांचा जन्म कानपूरचा. त्या संस्थेने ठिकठिकाणचे मृत्युलेख उतरवून घेतले आहेत. प्रत्यक्ष दगड वाचायचा तर सकाळची वा संध्याकाळची वेळ निवडावी. तिरप्या उन्हात झिजलेल्या अक्षरांच्या सावल्या पडतात आणि दुपारी कोरा वाटणारा दगड वाचता येऊ लागतो. भर दुपारी आरशाने तिरपा उजेड पाडूनही हेच साधते. दगड धुवायचाच असेल तर साध्या पाण्याने आणि मऊ कुंच्याने धुवावा. तारेच्या ब्रशने वा आम्लाने घासल्यास अक्षरे कायमची जातात.

कॉर्नवॉलच्या मुलाचा शोध येथे पुरा होऊ शकतो. जनगणनेतील आकडा, वहीतील ओळ आणि माळावरचा दगड असे तीन पुरावे एकमेकांना जुळतात. परंतु केजीएफची कहाणी येथे संपवली तर ती अर्धीच राहील. सायनाइडच्या प्रक्रियेनंतर उरलेल्या खडकाच्या चुऱ्याच्या फिकट टेकड्या आजही तेथे उभ्या आहेत. त्या खडकाचा बहुतांश भाग ज्या तमिळ मजुरांनी खणून वर काढला, त्यांचीही मुले त्याच वर्षांत, त्याच साथींत गेली. त्यांच्यासाठी संगमरवर कोण आणणार? मातीचा लहानसा उंचवटा, त्यावर एखादा धोंडा. दोन पावसाळ्यांत उंचवटा सपाट होतो. लंडनला जाणाऱ्या नकलांत त्यांपैकी बहुतेकांना जागा नव्हती. दगड आणि कागद यांना माणसाचे दुःख मोजता येत नाही. ऐपत तेवढी मोजता येते.

तरीही ती मुले अगदीच निःशेष झाली असे म्हणता येत नाही. तमिळ घराण्यांत कुप्पुसामी, कुप्पम्माळ, पिच्चै अशी नावे आढळतात. तमिळमध्ये कुप्पै म्हणजे केर आणि पिच्चै म्हणजे भीक. लागोपाठ मुले दगावली की पुढच्या बाळाला केरात लोळवून उचलायचे, वा ते भिक्षेत मिळाले असे मानायचे आणि तसेच नाव ठेवायचे. जेणेकरून मृत्यूला ते मोलाचे वाटू नये. नातवाला आजोबांचे नाव कुप्पुसामी एवढेच माहीत असते. पण त्या नावाचा अर्थ असा की, आजोबांच्या आधी या घरातून कुणीतरी गेले होते.

मराठी वाचकाला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. दगडू, धोंडू, भिकू, केरू ही नावे आपल्याकडेही याच भीतीतून ठेवली गेली. मूल जगावे म्हणून त्याला दगड म्हणायचे, धोंडा म्हणायचे. आज ही नावे ऐकून नवी पिढी हसते. वस्तुतः कुटुंबाच्या जुन्या कागदात धोंडू हे नाव दिसले की तेथे क्षणभर थांबायला हवे. त्या नावाच्या वरच्या बाजूला, जेथे वंशावळीत कोरी जागा आहे, तेथे बहुधा एखादे मूल आहे. एकच नव्हे, दोन-तीनही असतील. कॉर्नवॉलच्या आईने गेलेल्या मुलाचे नाव पुढच्याला दिले. तमिळ आणि मराठी आईने पुढच्याचे नाव मुद्दाम क्षुद्र ठेवले. रीती परस्परविरुद्ध, पण दोन्हींत गेलेल्या मुलाची खूण जिवंत मुलाच्या नावात राहिली.

आपल्या घराण्याचा असा शोध घ्यायचा तर साधने दूर नाहीत. महाराष्ट्रात गावपातळीवर जन्ममृत्यूची नोंदवही ठेवली जाई. ती गाव नमुना १४ या नावाने ओळखली जाते. तिचे जुने भाग तहसील कार्यालयांच्या अभिलेख कक्षांत मिळतात आणि काही ठिकाणी ते मोडी लिपीत असल्याने जाणकाराचे साहाय्य घ्यावे लागते. पुष्कळदा तेथे बाळाचे नाव नसते. अमक्याचा मुलगा वा अमक्याची मुलगी एवढाच उल्लेख असतो, कारण नोंद बारशाच्या आधीच झालेली असते. तेवढ्या उल्लेखालाही मोल आहे. जन्म आणि मृत्यू या दोन्हींची नोंद देशभर सक्तीची झाली ती १९६९ च्या कायद्याने. त्यापूर्वीच्या काळासाठी घरचे कागद हाच मोठा आधार. राजस्थान-गुजरातकडून आलेल्या घराण्यांच्या पिढ्या वहीवंचे लिहून ठेवीत. परंतु त्या वह्यांतही वंश चालविणाऱ्या पुत्रांचीच नावे प्राधान्याने येतात. अल्पायुषी मुले आणि त्यातही मुली तेथे क्वचितच भेटतात.

म्हणून सर्वांत आधी विचारायचे ते घरातील वृद्ध स्त्रियांना. आजीला किती नातवंडे आहेत, हे सगळेच विचारतात. तुला एकूण किती मुले झाली, हा प्रश्न तिला वर्षानुवर्षे कुणी विचारलेला नसतो. विचारला तर ती बहुधा थोडा वेळ गप्प राहते. मग सांगते. कितवे होते, काय नाव ठेवले होते, कोणत्या महिन्यात गेले, ताप होता की घटसर्प, कोणत्या गावी होते. साठ-सत्तर वर्षांनीही तिला सारे आठवते. ते त्याच दिवशी लिहून घ्यावे. बारसे झाले नसेल तर तसे लिहावे. पण जागा कोरी सोडू नये.

कोलारच्या माळावरील दगडाला सव्वाशे वर्षांनी वाचणारा भेटू शकतो, कारण कुणीतरी त्यावर नाव कोरून ठेवले होते. आपल्या घरातील त्या मुलासाठी दगडाची गरज नाही. वहीतील एक ओळ पुरेशी आहे. ती सांगू शकणारी व्यक्ती आज घरात असेल, तर उद्याची वाट पाहू नये.